इंटरवलला उठणारा माणूस

आमच्या मालकांचं नाव मी आजवर कुणापुढं घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, डोहाळजेवणात घेतलं, तेवढंच. आता घेणार आहे. बसवंतअप्पा. लातूरला गंजगोलाईत भांड्यांचं दुकान आहे त्यांचं, आणि अख्ख्या बाजारात यांच्याएवढा सरळ माणूस नाही असं लोक म्हणतात. मीही म्हणत होते. परवापरवापर्यंत म्हणत होते.

मी महादेवी. माहेर उदगीर. बारावीनंतर डीएडचं एक वर्ष केलेलं, त्यामुळं चारचौघांत नीट बोलता येतं मला. पण डोकं सरकलं की मी हाय-न्हाईवर येते, ते तेवढं सांभाळून घ्या.

अप्पांचा सरळपणा कसा, तर गिऱ्हाइकानं पातेलं उचलावं आणि यांनीच म्हणावं, "ते नका घेऊ मावशी, बूड पातळ हाय, वर्षात भात करपायला लागंल." आपल्याच दुकानातला माल, बरं का. बोटानं टिचकी मारायची, कान जवळ न्यायचा आणि एका शब्दात निकाल. चांगलं असलं तर "घ्या". नसलं तर "बोगस". खेड्यापाड्यातून बायका लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला यांच्याकडंच यायच्या. अप्पा फसवत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हाच निकाल ते पिच्चरला लावायचे. नवीन पिच्चर लागला की बाजार बंद असेल त्या दिवशी संध्याकाळच्या शोला मला घेऊन जायचे. खोटं कशाला बोलू, त्या काळात आमच्या गल्लीत बायकोला पिच्चरला नेणारा नवरा दुसरा नव्हता. बायका जळायच्या माझ्यावर. मी ठेवणीतली इरकल नेसायचे, गजरा माळायचे आणि स्कूटरवर मागं बसायचे. बाल्कनीची तिकिटं. पहिला अर्धा पिच्चर मजेत जायचा. मग पडद्यावर इंटरवलची पाटी यायची, दिवे लागायचे, आणि अप्पा उठायचे. रुमालानं मान पुसायची आणि म्हणायचं, "बोगस. चल."

सुरुवातीला मी म्हणायचे, "अहो, पुढं चांगला असंल की."

"ज्याचं बूड पातळ, त्याचं पुढं काय चांगलं असणार?"

झालं. लोक बाहेर चहा-भजी खात उभे असायचे आणि आम्ही त्यांच्यामधून स्कूटरकडं जायचो. दारावरचा भीमाशंकर अप्पांना बघून हसायचा. मला वाटायचं, कौतुकानं हसतोय. कारण तेव्हा सगळ्यांनाच कौतुक होतं. पैसे देऊन बसलेला माणूस बोगस वस्तूसाठी एक मिनिट जास्त बसत नाही, याला छाती लागते, असं लोक म्हणायचे. दुसऱ्या दिवशी नळावर बायका मला घेरायच्या. "काय अक्का, उठले का अप्पा?" मी म्हणायचे, "उठले." "बोगस का?" "एकदम बोगस." मग त्या घरी जाऊन नवऱ्याला सांगायच्या आणि पाच-सहा घरांचा बेत रद्द व्हायचा. आमच्या गल्लीपुरतं तरी पिच्चर चालणार की पडणार ते आमच्या घरून ठरायचं. मला त्याचा तोरा होता. मी मान वर करून चालायचे.

आणि त्या तोऱ्यात मी टॉकीजमध्ये एकाही पिच्चरचा शेवट बघितला नाही. एकाही. चोराला धरलं का, पोरीचं लग्न कुणाशी झालं, म्हातारी मेली का वाचली, काही म्हणजे काही मला ठाऊक नाही. माझ्याकडं सगळी अर्धी माणसं आहेत.

आता घरचं सांगते, म्हणजे माझा बावळटपणा कळेल. सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणायचो. अप्पा त्यांना एकुलते एक. अव्वांची रात्रीची लिंगपूजा आठच्या सुमाराला असायची, आणि पूजेला पाणी लागायचं ते मडीचं. म्हणजे घरच्या सुनेनं अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, कुणाला न शिवता आडातून ताजं शेंदलेलं. दुपारी भरून ठेवलेलं चालायचं नाही. लेकीनं भरलेलंही चालायचं नाही. सुनेनंच भरायचं, आणि पूजा झाल्याशिवाय अव्वा घोटभर पाणी तोंडात घ्यायच्या नाहीत. पिच्चरहून आम्ही घरी यायचो तेव्हा अव्वा पाटावर बसलेल्या असायच्या. मी पळत न्हाणीत जायचे, अंघोळ करायचे, पाणी शेंदायचे, आणि पूजा बरोबर वेळेत व्हायची.

मला वाटायचं, ही महादेवाचीच कृपा. पिच्चरनं नेमकं पूजेच्या टायमालाच बेक्कार व्हावं आणि अव्वांना उपास घडू नये. वर्षानुवर्षं मी हे असं मानत आले. माझ्यासारखी खुळी अख्ख्या लातूर जिल्ह्यात दुसरी शोधून दाखवा.

मला दारात सोडलं की अप्पा स्कूटर परत वळवायचे. "दुकानाचं कुलूप बघून येतो." ते येईपर्यंत अव्वांचं जेवण होऊन त्या झोपलेल्या असायच्या. कुलूप बघायला इतका वेळ कशाला लागतो, असं मी कधी विचारलं नाही. म्हणलं, पानटपरीवर दोस्तांत बसत असतील, बसू द्यावं.

पण एक पिच्चर माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. त्याचं नाव मी घेणार नाही, मला अजून राग येतो.

भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, आमचं लग्न झालं होतं. लग्न ठरतानाच बोलणं झालेलं, की डीएडचं दुसरं वर्ष मी उदगीरला माहेरी राहून पुरं करणार. माझ्या वडलांनी स्पष्ट विचारलं होतं आणि अप्पांनी दहा माणसांसमोर "हाव" म्हणलं होतं. आता कॉलेज उघडायला आठवडा राहिला होता आणि घरात कुणी विषयच काढत नव्हतं. अव्वा काढत नव्हत्या, अप्पा काढत नव्हते, आणि मी नवी नवरी, मी कशी काढणार? त्याच आठवड्यात हा पिच्चर लागला.

त्यात माझ्यासारखीच एक नव्यानं लग्न झालेली पोरगी होती. तिला नर्सचं शिकायचं असतं. सासरचे वाईट नसतात, नुसते आज-उद्या करत राहतात. नवराही चांगला असतो. शेवटी एका पहाटे ती पेटी घेऊन एसटी स्टँडवर येते. धुकं पडलेलं. बस सुरू करून उभी. कंडक्टर म्हणतो, "येणार का बाई?" तिनं एक पाय पायरीवर ठेवला आणि मागं वळून बघितलं. आणि इंटरवल.

दिवे लागले तेव्हा मी पदरात तोंड घालून रडत होते. मला आवरतच नव्हतं. पडद्यावर कुणी मलाच उभं केलंय असं वाटत होतं. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, इकडं-तिकडं बघितलं, आणि म्हणाले, "ह्याच्यावर रडतीस? तुला काय कळतंय पिच्चरमधलं. बोगस हाय. चल."

मला इतकी लाज वाटली. म्हणलं खरंच, आपल्याला कुठं काय कळतं, उगं डोळ्याला पाणी येतं एवढंच. नाक पुसलं आणि गुमान मागं चालायला लागले. घरी आले, अंघोळ केली, पाणी शेंदलं. रात्री अप्पा परत आल्यावर मी त्यांना वाढलं आणि जीव मुठीत धरून विचारलं, "अहो, कॉलेज उघडतंय पुढच्या सोमवारी."

त्यांचा घास हातातच राहिला. माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काहीतरी भलतंच बोलले. मग म्हणाले, "ह्या वर्षी राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी अक्षरा पोटात होती. त्याच्या पुढच्या वर्षी ती रांगत होती. मग कुणी पुढच्या वर्षाचं नाव काढलं नाही, आणि डीएड तिथंच राहिलं.

पण ती पोरगी माझ्या डोक्यात त्या पायरीवर तशीच उभी होती. चढली की उतरली? कुणाला विचारावं तर कुणी बघितलेलाच नव्हता. कसा बघणार? मीच नळावर सांगून बसलेले, एकदम बोगस. आठवड्यात पिच्चर उतरला. भाकरी थापताना मी तिला एक दिवस बसमध्ये बसवायचे आणि एक दिवस परत घरी आणायचे. ज्या दिवशी अव्वा किरकिर करायच्या त्या दिवशी ती हमखास बसमध्ये. अप्पांनी सणाला साडी आणली की ती घरी. असं किती वर्षं केलं ते माझं मलाच माहीत.

अप्पांनाही मी मधूनमधून विचारायचे. "काय झालं असंल हो तिचं?"

"कुणाचं?"

"त्या बसवालीचं."

"मला काय माहीत? आपण उठलो होतो ना."

माझ्या तोंडावर. भाकरी मोडता मोडता.

अक्षराला मात्र मी शिकवलं. तिच्या वेळी घरात कुणाला "पुढच्या वर्षी" हा शब्द उच्चारू दिला नाही, अव्वांनासुद्धा नाही. ती रेल्वेच्या परीक्षेत निघाली आणि आता नांदेडला विभागीय कार्यालयात आहे. जावई अमरनाथ पण तिथलेच, कॉलेजवर शिकवतात. त्या पिच्चरचं मी अक्षराला लहानपणापासून सांगत आलेले. तिनं मोबाईलवर शोधून बघितला. दोन गाणी सापडली, पिच्चर काही सापडला नाही. "आई, कुणी जपूनच ठेवला नसंल," म्हणाली.

यंदा फाल्गुनात आम्ही दोघं आठ-दहा दिवसांसाठी नांदेडला गेलो होतो. जुने पिच्चर परत थेटरात लावायची नवी टूम निघालीये ना, तसा तिथं एक लागला होता. भावाभावांचा, ताटातुटीचा, आमच्या लग्नानंतर लातूरला खूप गाजलेला. आम्ही अर्थातच अर्धा बघितलेला. अक्षरानं ऑफिसातूनच तिकिटं काढली आणि घरी येऊन म्हणाली, "आई, आज शेवटपर्यंत बघायचा. अप्पा उठले तर त्यांना एकट्याला आटोत बसवून घरी पाठवू."

मला हसू आलं आणि बरंही वाटलं. म्हणलं, चला, एकाचा तरी शेवट बघून मरू. दुपारचा शो होता. मी इरकल नेसले. अप्पांनी दारातलं पोस्टर बघितलं आणि म्हणाले, "ह्यो? ह्यो तर बोगस हाय." पण जावयासमोर पुढं काही बोलले नाहीत. ओळीत पलीकडं अमरनाथ, मग अप्पा, मग मी, मग अक्षरा.

इंटरवल झाला. मी अप्पांकडं बघत बसले. उठले नाहीत. मी हळूच चिडवलं, "काय हो, उठत नाही आज?"

"पाय दुखतेत," म्हणाले.

मग पुढचा पिच्चर सुरू झाला. थेटरात माझ्या आयुष्यातला पहिला इंटरवलनंतरचा. मी खुर्चीच्या टोकावर. धाकटा भाऊ गावात परत येतो, कुणाला ओळखत नाही, देवळाच्या ओट्यावर झोपतो. तेवढ्यात अप्पा जावयाकडं झुकले आणि कुजबुजले, "आता बघा, थोरला येतो दिवा लावायला."

थोरला आला. हातात दिवा.

मी म्हणलं, असेल, अंदाज बांधला असेल, पिच्चर काय सगळे सारखेच. जरा वेळानं परत कुजबुजले, "आता धाकट्याच्या दंडावरचा वण बघतो तो. लहानपणी बैलगाडीवरून पडलेला ना." आणि दंडावरचा वण दिसला. मी वळून अप्पांकडं बघितलं. पडद्यावर दोघं भाऊ अजून एकमेकांकडं नुसते बघत उभे होते, गळ्यात पडायचे होते, आणि अप्पांनी रुमाल आधीच बाहेर काढून डोळ्याला लावला होता. सीन यायच्या आधी. त्यांना ठाऊक होतं कुठं रडू येतं ते.

पदर खोचला. मी उठले. अक्षरा म्हणाली, "आई, काय झालं?" मी म्हणलं, "बस तू." लोकांचे गुडघे ओलांडत, पायऱ्या चाचपडत बाहेर आले. मागं भाऊ-भाऊ भेटत होते आणि लोक शिट्ट्या मारत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः होऊन थेटरातून उठले होते.

बाहेर गार हवा सोडलेली आणि मक्याच्या लाह्यांचा वास. भिंतीशी एक लांब बाक होता, त्यावर बसले. पाठोपाठ अप्पा आले, एका हातात चष्मा, एका हातात रुमाल.

"काय झालं गं? चक्कर आली का?"

"तुम्ही हा पिच्चर पुरा बघितलाय."

"न्हाई, ते टीव्हीवर..."

"टीव्ही घरात एकच हाय आणि त्याच्यासमोर मी बसलेली असते."

अप्पा बाकावर बसले, जरा अंतर ठेवून. चष्मा पुसायला लागले. मी थांबले. राग आलेला असला तरी मला थांबता येतं.

"परत जायचो मी," शेवटी म्हणाले. "तुला सोडून. भीमाशंकर दारात असायचा, तो घ्यायचा आत."

"ह्या पिच्चरला?"

"सगळ्याच."

सगळ्याच. मी ते कानानं ऐकलं, पण पोटात उतरायला वेळ लागला. म्हणजे तो भीमाशंकर कौतुकानं हसत नव्हता. टॉकीजच्या दारावरच्या माणसाला माझ्या संसारातलं ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

"कशासाठी?" मी म्हणलं.

"अव्वांचं पाणी. लग्नानंतर पहिल्यांदा तुला न्यायला निघालो तवा अव्वा म्हणल्या, सुनंला फिरव, हौस कर, पण पाण्याच्या टायमाला ती घरात पाहिजे. मी हाव म्हणलं."

"मग तसं सांगायचं मला."

"नव्या नवरीला काय सांगू? आई म्हणती म्हणून ऊठ? तू मला काय समजली असतीस? म्हणून म्हणलं, पिच्चर बोगस हाय. पिच्चरला काय लागतंय नाव ठेवलं तर? अन् मग तसंच पडलं. लोक बी म्हणायला लागले, अप्पा उठतेत. मला बी बरं वाटायला लागलं."

आता मी हाय-न्हाईवर आले. आजूबाजूला माणसं होती, मला पर्वा नव्हती.

"अव्वांच्या पाण्यासाठी ऊठ म्हणला असता, तर मी उठले असते. चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, पण उठले असते. माझी सासू उपाशी बसली हाय हे मला कळत न्हाई का? पण पिच्चर चांगला हाय, एवढं तरी माझ्याकडं राह्यलं असतं. तुम्ही ते बी ठेवलं न्हाई. मला रडू आलं की तुम्ही म्हणायचात, तुला काय कळतंय. अन् माघारी जाऊन तुम्ही काय करायचात? रडायचात?"

"रडायचो," अप्पा म्हणाले.

"एकटं?"

"एकटंच."

मी म्हणलं, "गिऱ्हाइकाला पातळ बुडाचं पातेलं घेऊ देत न्हाई तुम्ही. अन् मला?"

अप्पांनी चष्मा डोळ्यावर चढवला. उठले आणि काउंटरवरून दोन कप चहा घेऊन आले. एक माझ्या हातात दिला. चहा गरम होता म्हणून मी नीट धरेपर्यंत कपाला खालून बोट लावून धरलं. अव्वा लिंगैक्य होऊन बरीच वर्षं झाली. आता त्यांच्याशी काय भांडणार? आईला दिलेला शब्द आणि बायकोसमोरची लाज, यात अडकलेला एक पोरगेला नवरा मला दिसायला लागला होता. मी चहाचा घोट घेतला. खरं सांगते, मी तेव्हा थोडी निवळले होते. दोन-चार दिवस घुमसले असते आणि सोडून दिलं असतं. हे असंच चालतं आमच्यात.

मग मला ती आठवली. आठवली म्हणजे, ती कुठं गेलीच नव्हती. इतकी वर्षं मी जिच्याबद्दल विचारत होते तिचं उत्तर या माणसाजवळ होतं, आणि तो माझ्या शेजारी बसून चहा पीत होता.

"तिचं काय झालं?" मी म्हणलं.

अप्पांनी "कुणाचं" असं विचारलं नाही. दर वेळी विचारायचे, आज विचारलं नाही. कप बाकावर ठेवला.

"ध्यानात न्हाई. लई जुनं झालं."

"ह्या भावाच्या दंडावरचा वण ध्यानात हाय तुमच्या."

"खरंच न्हाई गं."

"गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगा."

अप्पांचा हात सदऱ्यावर गेला. आत लिंगाची करडी, म्हणजे छोटी डबी असते, दोऱ्यात बांधलेली. त्यांनी झोपेतसुद्धा ती कधी गळ्यातून काढलेली नाही. बटनापर्यंत हात गेला, तिथं थांबला आणि खाली आला. मी त्या हाताकडं बघत होते.

"चढती ती बसमधी," अप्पा म्हणाले.

"मग?"

"शिकती. नर्स होती. मोठ्या दवाखान्यात नोकरी लागती तिला. शेवटाला नवरा न्यायला जातो, त्याच स्टँडवर उभा राहतो. ती येती, त्याच्यासंगं चांगलं बोलती, त्याला पाणी देती." थांबले. "अन् बसमधी बसून निघून जाती. त्याच्याबरोबर येत न्हाई."

मी तो शेवट ऐकला. इतकी वर्षं भाकऱ्या थापताना मी तिला चढवलं आणि उतरवलं होतं, पण असा शेवट मला सुचला नव्हता. माझ्या प्रत्येक शेवटात ती नवऱ्याकडं परत यायची. कधी आठ दिवसांनी, कधी वर्षानं, पण यायची.

"अन् ते बघून तुम्ही घरी आलात," मी म्हणलं.

"हाव."

"अन् मी वाढताना कॉलेजचं विचारलं."

"हाव."

आतून टाळ्यांचा आवाज आला. पिच्चर संपत आला असावा. अप्पा दोन्ही तळहात मांडीवर ठेवून बसले होते आणि जमिनीकडं बघून बोलत होते.

"अव्वांची त्याला ना नव्हती," म्हणाले. "वर्षभर पाण्याला माझ्या मामीची सून येऊन राहील, तिच्या हातचं पाणी चालंल, असं त्यांनीच ठरवलेलं. तुला सांगायचं राह्यलं होतं. मी त्याच रात्री सांगणार होतो. पण तू कॉलेज म्हणलीस अन् माझ्या डोळ्यासमोर ती बसच यायला लागली. वाटलं, तू बी चढलीस तर येणार न्हाईस. भ्यालो मी. म्हणून म्हणलं, राहू दे."

मी एवढी वर्षं अव्वांना मनात दोष दिलेला. त्यांच्या शेवटच्या आजारात त्यांचं सगळं केलं, पण मनात ते होतं. डीएड त्यांच्या पाण्यापायी गेलं, असं मी धरून चालले होते. आणि त्या माउलीनं माझ्यासाठी पाण्याची सोय लावून ठेवली होती.

"उदगीर काय दिल्लीला हाय का?" मी म्हणलं. "एसटीनं सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी. दर शनिवारी आले असते मी. सुट्ट्यांना आले असते. वर्ष झालं की पेटी घेऊन कायमची आले असते. गंजगोलाईच्या मागच्या शाळेत शिकवलं असतं, अन् दुपारच्याला तुमचा डबा घेऊन दुकानात आले असते. मी परत आले असते हो."

अप्पांनी मान वर केली. डोळे भरलेले होते, पण या वेळी रुमाल हातातच राहिला.

"ते मला तवा कुठं माहीत होतं?" म्हणाले.

"तुम्ही विचारायचं होतं मला," मी म्हणलं.